घरच्या शाळेचे वर्ष

एप्रिल महिना लागला की इंदूरच्या अन्नपूर्णा भागात भल्या सकाळपासून शाळांच्या मोटारींची लगबग सुरू होते. मध्यप्रदेशातील शालेय वर्ष एप्रिलमध्येच उघडते. महाराष्ट्रातील वर्षासारखे ते जूनच्या पहिल्या सरीसाठी थांबत नाही. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हारवाले आपल्या टोपल्या मांडीत असतात आणि त्यांच्या समोरून नवे गणवेश, नवी दप्तरे व अर्धवट झोपेतील चेहरे भराभर निघून जातात. थोड्या वेळाने गल्ली शांत होते. ज्या एखाद्या घरातील मुले शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, त्या घरातील आईवडिलांना ही शांतता मोठी अवघड वाटते. शेजारच्या मुलांचे वर्ष कोणीतरी आखून ठेवलेले असते. आपल्या मुलांचे वर्ष आपणच आखावयाचे असते, आणि त्यातून ती मुले एका साच्यातील नसतात.

अशी घरे थोडी आहेत हे खरे; पण ती पूर्वीइतकी विरळाही राहिलेली नाहीत. पुण्यामुंबईकडे असे पालक एकमेकांना भेटतात, अनुभवांची देवघेव करतात. ज्यांची मुले नियमाने शाळेत जातात त्यांनाही हा प्रश्न सर्वस्वी परका नाही. मे महिन्याच्या सुटीत दोन भावंडांना एकाच उद्योगात गुंतविण्याचा प्रयत्न ज्या आईने केला असेल, तिला त्याची चव कळलेली असते.

कायद्याची बाजू आधी सांगून टाकलेली बरी, कारण नातेवाइकांचा पहिला प्रश्न तोच असतो. 2009 चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, असे त्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे. परंतु ते न करणाऱ्या पालकाला कोणतीही शिक्षा त्या कायद्याने सांगितलेली नाही. घरी शिकविण्याविषयी तो कायदा मूकच आहे. या मौनाच्या आधारावर ही घरे चालली आहेत. पुढील वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. 1989 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय संस्थेमार्फत चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीच्या तोडीची परीक्षा देता येते. पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, त्यांत एक तरी भाषा असावी लागते. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकदा नाव नोंदविल्यावर पाच वर्षांत सवडीने एकेक विषय सोडविता येतो. त्या विषयांत चित्रकला आहे, हिंदुस्थानी संगीत आहे, गृहविज्ञान आहे आणि मराठीही आहे. तेव्हा चौदाव्या वर्षापर्यंत मुलाला मोकळीक दिली तर पुढची सगळी दारे बंद होतील, ही भीती तितकीशी खरी नाही. तरी चौदावे वर्ष दिसते त्याहून लवकर येते, हेही विसरून चालत नाही.

आता वर्षाच्या आखणीकडे वळावयाचे. नव्याने या मार्गाला लागलेले पालक बहुधा एकच चूक करतात. ते शाळेचे वेळापत्रक घरी आणतात. भिंतीवर तक्ता लागतो. नऊ ते पावणेदहा गणित, पावणेदहा ते साडेदहा विज्ञान. पंधरा दिवसांत तक्त्याचा कोपरा सुटतो, महिन्याभरात तक्ता कपाटामागे जातो आणि आई हताश होते. दोष आईचा नसतो, हिशेबाचा असतो. वर उल्लेखिलेल्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकविण्याचे ठरविले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. त्याच कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. चार तासांची मिनिटे 240; ती तीस जणांत वाटली तर एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे लक्ष आठ मिनिटे येते. शाळेतील शिक्षण सामुदायिक असते, त्याचे स्वतःचे गुण आहेत, म्हणून हा हिशेब तिच्या निंदेसाठी मांडावयाचा नाही. परंतु ज्या घरात दोन-तीनच मुले आहेत तेथे चार तासांचा फळा मांडून बसण्याचे कारण उरत नाही, एवढे त्यावरून उघड होते. सकाळचे दोन तास नीट गेले तर पुष्कळ झाले.

अतिरेकी आखणीने घरातही मुलाचा कसा जीव जातो, याचे उदाहरण फार मोठ्या घरातील आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या लहानपणी त्यांच्या शिक्षणाची सूत्रे वडील बंधू हेमेंद्रनाथ यांच्या हाती होती. पहाटे उठून कुस्ती, अंगाची माती झाडून होते न होते तोच शरीरशास्त्राचा पाठ, मग गणित आणि वाङ्मय, शाळेतून परतल्यावर चित्रकला आणि कसरत, आणि दिवे लागल्यावर इंग्रजी. प्रत्येक विषय उत्तम, प्रत्येकाला शिक्षक निराळा. पण संध्याकाळी इंग्रजीचे पुस्तक उघडले की त्या मुलाचे डोळे मिटू लागत, आणि ही गोष्ट त्याने पुढे मोठेपणी मोठ्या गमतीने लिहून ठेवली आहे. हेमेंद्रनाथांची कळकळ खरीच होती, आणि शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या त्यांच्या आग्रहाबद्दल रवींद्रनाथांनी आयुष्यभर कृतज्ञता बाळगली. आखणीत फक्त त्या मुलाच्या झोपेला जागा राहिली नव्हती.

येथे एक घर कल्पावे. अन्नपूर्णेच्या देवळापासून हाकेच्या अंतरावरचे, तीन खोल्यांचे, दारात तुळस आणि वर गच्ची असलेले. वडील नोकरीला, आई घरी काही शिवणकाम करणारी, सोबत आजोबा. मुले तीन. थोरली तेरा वर्षांची. तिला आकडे आणि आकाश यांचे वेड. धाकटा सहा वर्षांचा. गल्लीतील प्रत्येक कुत्र्याला त्याने नाव ठेवलेले. आणि मधला दहा वर्षांचा, ज्याला कशाचीच आवड नाही.

थोरलीचे वर्ष आखणे सोपे. तिच्यापुढे पुस्तक ठेवावे, गच्चीवर जाऊ द्यावे, आणि अडेल तेथे मदत शोधावी. धाकट्याचेही सोपे, सहा वर्षांच्या मुलाला जग नवे असते. सगळा कस लागतो तो मधल्याच्या ठिकाणी. विविध आवडींच्या मुलांसाठी वर्ष आखावयाचे म्हणजे ज्यांच्या आवडी दिसतात त्यांच्यासाठीच ते आखले जाते, आणि ज्याची आवड दिसत नाही तो मुलगा ताईच्या दुर्बिणीमागे किंवा धाकट्याच्या कुत्र्यामागे फरपटत जातो. तो तक्रार करीत नाही. शाळेत अशा मुलाला निदान ‘मध्यम’ असा शेरा मिळतो. घरी तोही मिळत नाही. घरच्या शाळेचे यश मोजावयाचे असेल तर ते या मुलावरून मोजावे.

या बाबतीत खुद्द इंदूरमध्ये जन्मलेल्या एका मुलीची हकीकत ध्यानात घेण्याजोगी आहे. 28 सप्टेंबर 1929 रोजी येथील शीख मोहल्ल्यात लता मंगेशकरांचा जन्म झाला. बालपण गेले ते सांगलीला. शालेय शिक्षण नाममात्र; जे काही शिकणे झाले ते घरीच. मास्टर दीनानाथांकडे बाहेरची मुले गाणे शिकावयास येत. पाच-सहा वर्षांची लता घरात वावरत असे, कानावर पडेल ते आईजवळ स्वयंपाकघरात गुणगुणत असे. परंतु ती शिकते आहे, हे वडिलांच्या लक्षात आले नव्हते. एक दिवस एका शिष्याला पूरिया धनाश्रीचा पाठ देऊन दीनानाथ काही कामासाठी उठून गेले. शिष्य चुकू लागला, तशी ही चिमुरडी आत आली आणि ते असे नव्हे, असे गायचे, म्हणून स्वतः गाऊन दाखवू लागली. वडील परतले तेव्हा दारातच थांबून त्यांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तिला उठविले आणि तंबोऱ्यासमोर बसविले. ही हकीकत लताबाईंनी स्वतः अनेकदा सांगितली आहे, आणि ती बहुधा अलौकिक प्रतिभेचे उदाहरण म्हणून ऐकली जाते. घरी शिकविणाऱ्यांनी तिच्यातील दुसरी गोष्ट पाहावी. दीनानाथांसारखा जाणकार गुरू घरात असून, रोज शेजारच्या खोलीत शिकवीत असून, आपल्याच मुलीचा कान त्यांना योगायोगाने कळला. ते त्या दिवशी बाहेर गेले नसते तर? किंवा परतताना दारात न थांबता, शिष्याला शिकविणारी तू कोण, असे म्हणून तिला आत पाठविते झाले असते तर?

म्हणून वर्षाच्या आखणीतील पहिली नोंद अभ्यासाची नसावी, पाहण्याची असावी. एप्रिल आणि मे हे दोन महिने माळव्यात तसेही कडक उन्हाचे. दुपारी कोणी बाहेर पडत नाही. या दिवसांत पालकाने प्रत्येक मुलासाठी एक साधी वही घालावी आणि रात्री दोन-चार ओळी लिहाव्यात. मुलाने काय विचारले; सांगितल्याशिवाय काय हाती घेतले; कोणते काम किती वेळ टिकले; कोणत्या कामाकडे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वळला. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकदा हाती घेतले ते कुतूहल. पण न सांगता पुन्हा हाती घेतले तर तेथे काहीतरी आहे. वहीत मत लिहू नये. ‘आळशी आहे’ हे मत झाले. ‘दुपारी अडीचपासून चारपर्यंत फाटकापाशी बसला होता’ ही नोंद झाली. मुलाकडे पाहताना मास्तरकी बाजूला ठेवणे ही शिस्त अवघड आहे, आणि आईवडिलांना तर ती विशेषच अवघड. स्वतःच्या मुलाकडे पाहताना बहुधा त्याच्या जागी शेजाऱ्यांचा मुलगा दिसत असतो.

ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचे जे काम केले त्याच्या मुळाशी हेच निरीक्षण होते, आणि पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर त्याचा खरा कस लागला. तेथील आदिवासी मुले शाळेत येत ना. ती गुरे राखीत. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मुले का येत नाहीत याचा शोध घेतला आणि शाळाच कुरणात नेली. गुरे चरत असता मुले शिकू लागली; तिला त्यांनी ‘कुरणशाळा’ म्हटले. लहानग्यांसाठी अंगणातच वर्ग भरविला, ती अंगणवाडी. मूल जेथे आहे तेथे शिक्षणाने जावे, ही गोष्ट कोसबाडला अक्षरशः घडली. शहरातील तीन खोल्यांच्या घरात तीच गोष्ट करावयाची तर मूल खोलीच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे आधी पाहावे लागते.

जून उजाडला की माळव्यातील घराला एक असा पाठ फुकट मिळतो, जो पुण्याला किंवा दिल्लीला याच रीतीने मिळत नाही. कर्कवृत्त उज्जैनीजवळून जाते आणि इंदूर त्याच्या किंचित दक्षिणेला, सुमारे पावणेतेवीस अंशांवर आहे. त्यामुळे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैमध्ये बहुधा ढग असतात, तेव्हा जूनचा दिवस साधावा. गच्चीवर एक मीटर उंचीची सरळ काठी उभी करावी आणि दुपारी रोज सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. घड्याळाचे बारा हे येथे खरे माध्यान्ह नाही. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे, इंदूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून सावली सर्वांत आखूड होते ती साडेबाराच्या आसपास. ही गोष्ट मुलांना आधी सांगू नये. त्यांनी बारा वाजता खूण करावी, पुढे पाहावे, आणि घड्याळ खोटे बोलते असे ओरडत खाली यावे.

या एका काठीत तिन्ही मुलांना जागा आहे. थोरली सावलीच्या लांबीवरून सूर्याचा कोन काढील. सप्टेंबरच्या विषुवदिनी ती सावली सुमारे बेचाळीस सेंटिमीटर भरेल आणि 22 डिसेंबरच्या सुमारास एक मीटरहून थोडी अधिक, काठीपेक्षाही लांब; हे आकडे तिला त्रिकोणमितीच्या दारात नेऊन सोडतात. धाकटा दुपारी कुत्री कोठे झोपतात हे पाहील, आणि भिंतीची सावली सरकली की कुत्रे सरकते हा त्याचा शोध थोरलीच्या शोधाहून कमी प्रतीचा नाही. मधल्याला खडू द्यावा. त्याने नुसती खूण केली तरी चालेल. ऑक्टोबरात तिघांना घेऊन उज्जैनीला जावे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा इंदूरहून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर आहे. भारतीय ज्योतिषाने आपले मध्यरेखांश त्याच नगरीवरून धरले होते. घरच्या गच्चीवरची काठी आणि तेथील दगडी यंत्र एकच काम करीत आहेत, हे ज्या मुलाने चार महिने खुणा केल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही.

पावसाळ्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. तो वाचनाचा काळ आहे. जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत घरात दिवे लवकर लागतात, आजोबांना सवड असते, आणि मराठी वाचनाचा जो काही भरणा करावयाचा तो याच दिवसांत होतो. इंदूरच्या मराठी घरातील मुलाची गल्लीतील भाषा हिंदी, परीक्षेची बहुधा इंग्रजी. मराठी जेवणाच्या ताटापुरती उरते. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत या गोष्टीचा दोष शाळेला देता येतो. घरी शिकणाऱ्या मुलाचे मराठी कच्चे राहिले तर तो दोष ढकलावयास कोणी नाही. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन, तिघांना एकत्र बसवून, इतके पुरे. थोरलीला कंटाळवाणे वाटेल असे धाकट्यासाठीचे, आणि धाकट्याला न कळणारे असे थोरलीसाठीचे, आळीपाळीने. न कळणारे ऐकण्याची सवयही भाषेला लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. आवडीनिवडीला मान द्यावयाचा म्हणजे सर्व काही आवडीवर सोडावयाचे, असा अर्थ काही उत्साही पालक करतात. तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत पालक देत नाहीत, मूल देते. वाचणे, लिहिणे आणि व्यवहाराचे गणित ही तीन कामे पोहण्यासारखी आहेत. पाण्यात पडण्याची वेळ आल्यावर ती शिकता येत नाहीत. या तिन्हींसाठी रोजचा दीड तास राखून ठेवावा आणि त्यावर वाद नको. उरलेला दिवस मात्र खरोखर उरलेला असावा. तीन मुलांच्या तीन छंदांसाठी तीन शिकवण्या, एक पोहण्याची, एक तबल्याची, एक बुद्धिबळाची, असा दिवस भरला की हेमेंद्रनाथांचे वेळापत्रक नव्या नावाने घरात शिरलेच.

खर्चाचा प्रश्नही येथेच येतो, आणि तो वाटतो तितका बिकट नाही. इंदूरकरांना विष्णु चिंचाळकर गुरुजींचे नाव ठाऊक आहे. देवळालीकरांच्या ज्या कलाशाळेने बेंद्रे आणि हुसेन यांना घडविले, त्याच परंपरेतील हे चित्रकार. त्यांनी वाळलेली पाने, बिया, फुटक्या वस्तू, टाकून दिलेले तुकडे यांतून आकृती शोधल्या. बीला ते रंग फासत नसत. तिच्यात जो पक्षी आधीच बसलेला असे तो ते दाखवीत. विज्ञानाच्या बाजूने असेच काम होशंगाबाद जिल्ह्यात 1972 पासून झाले. खेड्यातील शाळांत मुलांनी साध्या सामानातून प्रयोग करून विज्ञान शिकावे, असा तो उपक्रम होता. 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे चालविला, आणि तिची हिंदी पुस्तके व ‘चकमक’ हे मासिक आजही अशा घरांना उपयोगी पडतात. ज्या शहरात हे सर्व हाताशी आहे तेथे महागड्या खेळण्यांच्या पेट्या मागविण्याचे प्रयोजन काय, हे कळत नाही.

दिवाळीनंतर बाहेर पडावे. अन्नपूर्णा भागापासून फार दूर नसलेले सिरपूरचे तळे होळकरांच्या काळातील. 2022 मध्ये त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. थंडीत तेथे उत्तरेकडून बदके उतरतात. धाकट्याचे वर्ष खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू होते. तोवर त्याला फक्त कुत्रे ठाऊक होते. आठवड्यातून एकदा, त्याच वाराला, त्याच वेळी जावे आणि मोजावे. मोजणी चुकेल. थोरली तिला तक्त्यात बसवील आणि भांडणही होईल, कारण धाकट्याने एकच पक्षी दोनदा मोजलेला असतो. हे भांडण सोडवू नये.

कष्टांची गोष्ट शेवटी राहिली, आणि ती बहुतेक वेळा शेवटीच राहते. घरी शिकविणे म्हणजे बहुतेक घरांत आईने शिकविणे. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, पहाटे झोपेतून उठवून, जवळ घेऊन संस्कृत शिकविले. कारण दिवसभर घरकामातून उसंत नसे. पुढे रमाबाईंच्या विद्वत्तेने 1878 मध्ये कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पहाटे उठणाऱ्या आईची झोप किती झाली, हे कोणी विचारले नाही. आज हा आदर्श जसाच्या तसा कोणापुढे ठेवणे अन्यायाचे होईल. वर्षाच्या आखणीत मुलांच्या नावांबरोबर आईचे नाव लिहावे आणि तिच्यापुढे आठवड्यातील एक पूर्ण सकाळ रिकामी सोडावी. त्या सकाळी वडिलांनी रजा काढावी किंवा आजोबांनी ती निभवावी. अभ्यास बुडाला तरी चालेल. दीनानाथ 24 एप्रिल 1942 रोजी गेले तेव्हा लताबाईंना तेरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते, आणि त्या घरातील पाठ त्या दिवशी थांबले. घरचे शिक्षण एका माणसाच्या खांद्यावर उभे असले तर ते किती नाजूक असते, याचा विचार धडधाकट असतानाच करावा. शेजारच्या काकू हिशेब उत्तम ठेवतात, कोपऱ्यावरचा सुतार रंधा चालवितो, निवृत्त झालेले पोस्टमास्तर नकाशे जपून ठेवतात. यांतील दोघा-तिघांना वर्षात सामील करून घ्यावे. मुलांनाही संगत लागते. तीन भावंडे एकमेकांना पुरतात, हा समज आईवडिलांचा असतो, भावंडांचा नसतो. संध्याकाळी शाळेची मुले घरी परततात, त्या वेळी या मुलांच्या पुढ्यात पुस्तक नसावे. त्यांनी तेव्हा मैदानावर असावे.

आखणी वर्षातून तीनदा तरी मोडून पाहावी. पावसाळा संपताना, संक्रांतीला, आणि रंगपंचमीची गेर राजवाड्यावरून निघून गेली की. थोरली पुढल्या वर्षी चौदाची होईल. तिच्याजवळ बसून पाच विषय ठरवावे लागतील. गणित आणि विज्ञान ती मागेलच, मराठी आजोबा मागतील. उरलेल्या दोहोंचा निर्णय तिने केला तर उत्तम. चुकला तर बदलण्यास पाच वर्षे आहेत.

आणि मधला? समजा, नवरात्र संपल्यावर आई त्याची वही उघडून बसली. एप्रिलची पाने जवळजवळ कोरी. ‘फाटकापाशी बसला.’ ‘फाटकापाशी बसला.’ जूनमध्ये, काठीच्या खुणा चार दिवस केल्या, मग सोडल्या. जुलैत पुन्हा फाटक. ऑगस्टमध्ये एक ओळ निराळी: ‘हारवाल्याच्या गाडीवर छत्री धरली.’ गणपतीत: ‘झेंडू किलोने येतो आणि हाराने जातो, असे म्हणाला.’ त्यानंतर पंधरा दिवस काही नाही. मग नवरात्रातील पान. आईला ते लिहिल्याचेही आठवत नव्हते. सकाळी देवळाच्या रस्त्यावर गर्दी होती. मुलगा दोन तास हारवाल्यापाशी होता. परत आला तेव्हा पहिल्या माळेचा भाव, आजचा भाव, आणि दुपारनंतर उरलेल्या फुलांचा भाव त्याला तोंडपाठ होता. त्याने आईजवळ वही मागितली होती. आईने त्याला थोरलीची जुनी, अर्धी कोरी वही दिली होती आणि स्वयंपाकाला लागली होती.

आईने आजोबांना हाक मारली आणि ती वही कोठे आहे, असे विचारले.